‘जमत नसेल तर सोड’ म्हणणाऱ्या महाशयांस

महाशय,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि ते शोधून काढायची इच्छाही नाही. तुमचं वाक्य मात्र मला पाठ आहे. अवघड रिदम गेमबद्दल कुणी चार ओळींची तक्रार लिहिली की तुम्ही हजर होता. ‘जमत नसेल तर सोड.’ कधी त्याला ‘तुझा ताल कच्चा आहे’ अशी जोड देता, कधी ‘हा गेम सगळ्यांसाठी नाही’ असा फलक लावता. तक्रार काय होती, हे वाचायच्या आधीच तुमचा निकाल तयार असतो.

तुम्ही शेवटची लेव्हल पार केलीत. त्याबद्दल जे काही द्यायचं होतं ते गेमनं तुम्हाला तिथंच, स्क्रीनवर दिलं. त्यात इतरांना गप्प बसवण्याचा परवाना कुठेही नव्हता. तो तुम्ही स्वतःच छापलात, स्वतःच त्यावर सही केलीत आणि आता तो खिशात घालून हिंडता आहात.

माझा तुमच्यावर आरोप आहे, तो सरळ मांडते. ज्या विक्षिप्त, धाडसी, प्रायोगिक खेळांचे तुम्ही स्वयंघोषित रखवालदार झाला आहात, त्या खेळांचं सर्वांत मोठं नुकसान तुम्हीच करता आहात. हरलेला खेळाडू काय सांगतो यावरच अवघड खेळ घडतो, आणि नेमका तोच आवाज तुम्ही दाबता.

उदाहरण म्हणून ‘रिदम डॉक्टर’ घेऊ, कारण तुम्ही त्याच्या नावानं फार शपथा घेता. या गेममध्ये एकच बटण आहे. रुग्णाच्या हृदयाचे ठोके ऐकायचे आणि सातव्या ठोक्यावर बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा. नियम एका वाक्यात संपतो. पण मग ठोके लंगडायला लागतात, मधले ठोके गायब होतात, दोन रुग्ण वेगवेगळ्या लयीत एकदम समोर येतात, पडदा फाटल्यासारखा थरथरतो, आणि एका टप्प्यावर तर गेमची खिडकीच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर इकडून तिकडे पळू लागते. डोळ्यांवर विसंबणारा माणूस तिथं बुडतो. कान शाबूत ठेवणारा तरतो. मलेशियाच्या हाफिझ अझमान यांनी हा खेळ विद्यार्थी असताना सुरू केला. २०१४ साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलच्या विद्यार्थी विभागात तो अंतिम यादीत होता. आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणून तो विक्रीला आला २०२१ च्या फेब्रुवारीत. मधली वर्षं मोजा. एका बटणाच्या खेळाला इतका काळ लागतो, कारण त्या एका बटणाचा न्याय चोख असावा लागतो.

आणि अर्ली ॲक्सेस म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. अपुरा खेळ लोकांच्या हाती द्यायचा, ते कुठे अडखळतात ते पाहायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि पुढचं बांधकाम त्यावर करायचं. करणाऱ्यानं दार उघडून खेळाडूंना आत बोलावलेलं असतं. तुम्ही त्या दारात उभे राहून आलेल्यांना परत पाठवता.

आता तुमच्या लाडक्या निकालाकडे येते: ‘ताल कच्चा’. ताल कच्चा आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? स्क्रीनवर ‘मिस’ आलं म्हणून? मग ते ‘मिस’ कुठून येतं तेही पाहू.

मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. १८० च्या गाण्यात ते ३३३ वर येतं, आणि त्या ठोक्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग जेमतेम ८३ मिलिसेकंदांचा. ‘स्टेपमॅनिया’सारख्या गेममध्ये सर्वांत वरचा शेरा मिळवायला मूळ सेटिंगप्रमाणे ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे २२.५ मिलिसेकंदांचीच जागा असते. त्याच्या खालच्या शेऱ्याला ४५. तिथं बोटांची परीक्षा सेकंदाच्या सहस्रांशांत होते, हे मला मान्य आहे आणि त्यातच या खेळाची मजा आहे. पण परीक्षा इतकी बारीक असेल तर मोजणारं घड्याळही तितकंच बारीक हवं ना? वायरलेस इअरफोनमध्ये आवाज आधी दाबून आकसला जातो, मग हवेतून पाठवला जातो, तिकडे थोडा साठवला जातो, मग उलगडला जातो. या सगळ्यात १५० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे १८० च्या गाण्यात खेळाडूच्या कानावर पडणारा ठोका गेमच्या हिशेबातल्या ठोक्यापेक्षा ठोक्याच्या अशा दोन पाव भागांनी मागे असू शकतो. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, तो वेगळाच. साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर एकेक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, तेही त्यात धरा. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो, आणि त्यावरचा आवाजाचा उशीर ही कित्येक वर्षं गेम करणाऱ्यांची डोकेदुखी होती. ऑडिओसाठी नवी, जलद वाट अँड्रॉइडमध्ये आली ती २०१७ साली, आठव्या आवृत्तीबरोबर. त्यानंतरही प्रत्येक फोनची तऱ्हा निराळी.

या उशिराचा फटका कुणाला बसतो, ते ऐका. जो कानानं खेळतो त्याला. ठोका ऐकू आला की अचूक त्याच क्षणी बटण दाबणारा खेळाडू दर वेळी उशिरा ठरतो. ज्याला आवाजाशी देणंघेणं नाही, जो नुसता सरकत्या खुणा बघून दाबतो, तो पास होतो. म्हणजे तालाच्या खेळात चांगल्या कानालाच शिक्षा. आणि ‘रिदम डॉक्टर’सारख्या खेळात, जिथं डोळ्यांना मुद्दाम फसवलेलं असतं, तिथं अशा खेळाडूकडे धरायला काहीच उरत नाही. तरीही तुमचा निकाल तोच: ताल कच्चा.

माझ्या ओळखीतली एक मुलगी पखवाज शिकते. हात इतका तयार की धमार वाजवताना ती बोलत बसली तरी सम चुकत नाही. तिनं असाच एक गेम खेळून पाहिला आणि तक्रार लिहिली. ती तक्रार मी वाचली आहे. तिनं लिहिलं होतं की गेम दर वेळी ‘लेट’ सांगतो, ‘अर्ली’ एकदाही नाही, आणि उशीर साधारण एकसारखाच असतो. लेव्हल सोपी असो की अवघड, उशीर तेवढाच. वायर लावून खेळलं तर तो नाहीसा होतो. महाशय, एखाद्या टेस्टरला पगार देऊन बसवलं तरी तो याहून नेमकं काय लिहील? चुका ठोक्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील, कधी आधी कधी नंतर, तर हात कच्चा. चुका एकाच बाजूला आणि एकाच मापाच्या असतील, तर हात पक्का आहे आणि घड्याळ खोटं आहे. इतका साधा फरक. ती तक्रार वाचून कुणीही अर्ध्या मिनिटात तिला कॅलिब्रेशनचं, म्हणजे उशीर मोजून गेमचा हिशेब तितका सरकवण्याचं, पान दाखवू शकलं असतं, किंवा ते पान गेमच्या सुरुवातीलाच आणायला हवं हे करणाऱ्यांना कळवू शकलं असतं. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत? ‘आधी ताल शिक.’ जी मुलगी ताल शिकण्यात आयुष्य घालवते आहे, तिला!

तिनं तो गेम काढून टाकला. तुमच्या हिशेबात ही तुमची जीत असेल. माझ्या हिशेबात त्या गेमनं एक असा खेळाडू गमावला ज्याचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा तयार होते.

हा उशीर तुमच्यासारख्यांना दिसत नसेल, पण गेम करणाऱ्यांना तो फार पूर्वीच दिसला होता. २००८ साली ‘रॉक बँड २’ आला, तेव्हा त्याच्या प्लॅस्टिकच्या गिटारमध्येच प्रकाश आणि आवाज ओळखणारी उपकरणं बसवलेली होती. गिटार टीव्हीसमोर धरायची, टीव्ही किती मागे आहे हे तीच मोजायची आणि गेम तितका हिशेब सरकवायचा. कुणाच्या घरात कोणता टीव्ही आहे, याचा दोष त्यांनी खेळाडूच्या माथी मारला नाही. उलट बाजूचं उदाहरण ‘पॅरापा द रॅपर’चं. मासाया मात्सुरांचा हा गेम १९९६ चा, काचेच्या मोठ्या टीव्हीच्या काळातला, ज्या टीव्हींवर चित्राला उशीर जवळपास नसायचा. २०१७ साली तो प्लेस्टेशन ४ वर नव्यानं आला, तेव्हा त्यात कॅलिब्रेशनची सोयच नव्हती. लहानपणी तो तोंडपाठ असलेली माणसं सपाट टीव्हीसमोर बसून पहिल्याच धड्यात अडकली. त्यांचा ताल वीस वर्षांत कुठे वाहून गेला होता का? त्यांनी तक्रार केली ती बरोबर होती, आणि तेव्हाही तुमचे भाऊबंद ‘सोड’ म्हणत होतेच.

उशीर फक्त यंत्रांतच असतो असंही नाही. पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथक ३० मीटर लांब पसरलं, तर पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला साधारण ८७ मिलिसेकंद लागतात. आवाजाचा हवेतला वेगच तेवढा आहे. शेवटच्या रांगेतला वादक नुसत्या कानावर गेला तर तो मागे पडणारच, म्हणून तिथं हाताच्या खुणेकडे बघून वाजवतात. त्या वादकाला ‘तुझा ताल कच्चा’ म्हणणारा पथकप्रमुख मी अजून पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगते, कारण नवख्यांवर तुमचा विशेष राग असतो. टिकटिकणाऱ्या मेट्रोनोमबरोबर बोट आपटायला सांगितलं तर माणसं सहसा ठोक्याच्या जरा आधी आपटतात, सेकंदाच्या काही शतांशांच्या फरकानं, आणि त्यांना स्वतःला ते ठोक्यावरच आहे असं वाटत असतं. संगीत न शिकलेल्यांमध्ये हा फरक अधिक असतो, शिकलेल्यांमध्ये कमी. मानसशास्त्रात ही नोंद जुनी आहे. म्हणजे नव्या खेळाडूला सुरुवातीला ‘अर्ली’ येत राहिलं तर त्यात आळस नाही, बेपर्वाई नाही. माणसाचं शरीर ठोक्याची वाट बघत नाही, त्याला आधीच गाठायला जातं. करणाऱ्याला हे सांगणारा नवखा खेळाडूच असतो. तुम्ही ते सांगू शकत नाही, कारण तुमचे हात त्या गेमला इतके सरावले आहेत की तो कुठे वाकडा आहे हे तुम्हाला आता जाणवतच नाही. त्याच्या वाकडेपणासकट तुम्ही तो शिकलात. म्हणून त्याबद्दल सर्वांत कमी उपयोगाचं मत तुमचं आहे, आणि सर्वांत मोठा आवाजही तुमचाच.

लयीच्या पलीकडे जाऊ. झगमगत्या पडद्याबद्दल कुणी लिहिलं की तुम्ही ‘नाजूक’ म्हणून हिणवता. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगानं लुकलुकला आणि सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. ती मुलं नाजूक नव्हती, टीव्ही बघत होती. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा पडदा लुकलुकू देऊ नये, असा संकेत वेबसाइट करणाऱ्यांसाठीसुद्धा आहे. रिदम गेममध्ये प्रत्येक ठोक्याला पडदा उजळवण्याचा मोह असतो, त्यामुळे ही तक्रार इथं सर्वांत आधी ऐकली पाहिजे. त्याबद्दल बोलणाऱ्या माणसाला अपस्माराचा झटका येऊन गेलेला असू शकतो. तुम्ही त्याला हसता, तेव्हा हे तुमच्या मनात येतं का?

तुम्ही आता म्हणाल की अशी प्रत्येक तक्रार ऐकली तर खेळ पांचट होईल. ही भीती मी गंभीरपणे घेते, कारण मलाही पांचट खेळ नको आहेत. दोघांनी मिळून केलेला ‘थंपर’ २०१६ साली आला, त्याला त्यांनी स्वतः ‘रिदम व्हायोलन्स’ म्हटलं. त्यातला धातूचा भुंगा वळणावर आपटून फुटतो तेव्हा पोटात गोळा येतो, आणि तो गोळा कुणी काढून घेतला तर मी सर्वांत आधी भांडेन. ‘रिदम डॉक्टर’मधला पडद्याचा गोंधळ कुणी काढायला सांगितला, तर करणाऱ्यांनी त्याला नम्रपणे नाही म्हणावं. तो गोंधळ हाच तिथला प्रश्न आहे, कानावर विश्वास ठेवायला शिकवणारा. खेळाडूला दुखतं कुठे हे नेमकं कळतं. औषध तो सांगेल तेच असेल असं नाही. कुठली तक्रार खेळाच्या गाभ्यावर येते आणि कुठली गाभ्यापर्यंत पोचण्याच्या वाटेवरच्या दगडांबद्दल आहे, हे ओळखणं करणाऱ्याचं काम. पण त्यासाठी तक्रार त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे! तुम्ही ती वाटेतच मारून टाकता, म्हणजे गाभ्याचीही आणि दगडांचीही.

आणि ऐकल्यानं अवघडपणा मरतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? ‘क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर’ घ्या. कॅनडातल्या ब्रेस युवरसेल्फ गेम्सचा हा गेम. जुलै २०१४ मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झाला. तळघरात फिरायचं, पण प्रत्येक पाऊल गाण्याच्या ठोक्यावर टाकायचं. त्यात ‘बार्ड’ नावाचं पात्र आहे. त्याच्यासाठी ठोक्याचं बंधनच नाही, तुम्ही हलाल तेव्हाच राक्षस हलतात. त्याच गेममध्ये ‘आरिया’ आहे, जिचा एक ठोका चुकला की जीव जातो. आणि तिच्याही पुढे ‘कोडा’, जिला तेच सगळं दुप्पट वेगानं करावं लागतं. बार्ड आहे म्हणून कोडा सोपी झाली का? बार्डच्या बोटाला धरून आत आलेला खेळाडू उद्या आरियापर्यंत जाईल, तुमच्या ‘सोड’ला घाबरून बाहेर पडलेला कुठेच जाणार नाही. ‘रिदम डॉक्टर’ करणाऱ्यांच्याच ‘अ डान्स ऑफ फायर अँड आइस’मध्ये न्याय किती कडक असावा हे खेळाडूला निवडता येतं, आणि तरी त्या गेमची कडक म्हणून असलेली ख्याती जशीच्या तशी आहे. निंटेंडोच्या ‘रिदम हेवन’ मालिकेत तर एकाच खेळात तीनदा अपयश आलं की कॅफेतला बरिस्ता स्वतः म्हणतो, हा राहू दे, पुढचा बघ. खेळाडूला लाज वाटू न देता पुढे नेणारा तो बरिस्ता आणि तुम्ही, यांतला कोण त्या खेळाला वाढवतो?

मोठ्या कंपन्यांकडे टेस्टर असतात, प्रयोगशाळा असतात, पैसे असतात. प्रायोगिक रिदम गेम बहुधा दोन-चार माणसं करतात. त्यांच्याकडे जगातले सगळे फोन, सगळे इअरफोन, सगळे टीव्ही नसतात. सगळ्या प्रकारचे कान आणि डोळेही नसतात. त्यांच्याकडे फक्त आपण असतो. एखाद्या स्वस्त फोनवर तिसरी लेव्हल अशक्य होते, ही बातमी त्यांना तो फोन वापरणारा देऊ शकतो, दुसरं कुणीच नाही. तो माणूस रागावलेला असेल, त्याचं लेखन अडाणी असेल, त्याला ‘ऑफसेट’ म्हणजे काय हे ठाऊक नसेल, ‘गेम खोटा आहे’ एवढंच तो म्हणेल. त्या रागातून कामाची गोष्ट काढून घेण्याची हौस आणि चिकाटी ज्यांच्यात असते, त्यांचेच गेम टिकतात. तुम्ही मात्र त्या माणसाला शिकवलंत की बोलायचं नाही. पुढच्या वेळी तो बोलणार नाही. नुसता गेम काढून टाकेल, पैसे परत मागेल, आणि करणाऱ्यांना कारण कधीच कळणार नाही.

म्हणून माझी तुमच्याकडे मागणी आहे, विनंती नाही. पुन्हा कुणी तक्रार केली आणि तुमची बोटं त्या वाक्याकडे वळली, तर त्याऐवजी विचारा: कशावर खेळतोस? वायर आहे की ब्लूटूथ? कुठली लेव्हल? ‘अर्ली’ येतंय की ‘लेट’? दर वेळी तेच येतं का? कॅलिब्रेशन करून पाहिलंस का, आणि ते तुला सापडलं तरी का? हे सगळं विचारायला तुम्हाला जेवढा वेळ लागेल, त्याहून जास्त वेळ तुम्ही इतरांना हिणवण्यात घालवता. तुमच्याइतका तो गेम कुणाला पाठ नाही, कुठल्या वळणावर काय होतं हे तुमच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. ते ज्ञान चाकूसारखं उगारण्याऐवजी एखाद्या नवख्याच्या कामी आणा.

त्या पखवाजवाल्या मुलीला मी गेम पुन्हा टाकायला लावला आहे. वायर लावून ती खेळते आहे आणि भराभर पुढे जाते आहे. तिची मूळ तक्रार, फोनच्या मॉडेलसकट आणि प्रत्येक ‘लेट’च्या नोंदीसकट, आम्ही दोघींनी नीट लिहून गेम करणाऱ्यांना पाठवली आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवलीही आहे. तुम्हीही ती वाचालच. खाली काय लिहिता, ते मी पाहणार आहे.

या खेळांवर तुमच्याइतकाच जीव असलेली,
एक खेळाडू